मांडीवरची थाप

मध्य रेल्वेच्या गाडीनें दिवा सोडलें कीं डोंबिवली येण्यापूर्वीं कोपर नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. १ मे १८५४ रोजीं आगगाडी ठाण्याच्या पुढें कल्याणपर्यंत धांवूं लागली, तेव्हां हें स्थानक नव्हतें. आज तेथें खालून मुंबई-कल्याण मार्ग आणि त्याच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग असा दुमजली कारभार चालतो. गांवाला हें नांव कसें पडलें, हा प्रश्न स्थलनामांच्या अभ्यासकांवर सोपविणें बरें. परंतु मराठी माणसाला कोपर म्हटलें कीं प्रथम हाताचा सांधा आठवतो, आणि त्या सांध्यानें मराठी भाषेला दिलेलें देणें लहान नाहीं. कोणाच्या वाचाळपणास कंटाळलेला मनुष्य त्याला कोपरापासून हात जोडतो. बोलतां बोलतां सहज मारलेला टोमणा कोपरखळी होतो. २०२० सालच्या महामारींत हस्तांदोलन वर्ज्य ठरलें, तेव्हां देशोदेशींचे मुत्सद्दी कोपराला कोपर टेकवून एकमेकांचें स्वागत करूं लागले. शब्दाआधीं हात बोलतो आणि मग त्या हातावरून शब्द तयार होतो, असा हा क्रम आहे.

या कोपरच्या किंवा आसपासच्या कोणत्याही स्थानकाच्या फलाटावर संध्याकाळच्या वेळीं एक दृश्य सहज पाहावयास मिळतें. कॉलेजांतून परतणारे तीन-चार मुलगे उभे असतात. एक जण मोबाईल समोर धरतो. दुसरा एक पाय किंचित् उचलतो, उजवा हात पार डोक्यावर नेतो आणि मांडीवर सणसणीत थाप मारतो. पराक्रम काय? तर गर्दीच्या गाडींत त्याला चौथी जागा मिळालेली असते, नाहींतर गणितांत नेमके पस्तीस गुण पडलेले असतात. चार-सहा सेकंदांची ती चित्रफीत रात्रींच्या जेवणाआधीं किती घरांत पोंचते, याचा त्या मुलांनाही हिशेब नसतो.

वडीलधाऱ्यांना हा नवा चाळा वाटतो, आणि त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. मुलांनाही तो नवाच वाटतो. वस्तुतः या देशांत ज्यांची वंशावळ दोन हजार वर्षें मागें नेतां येते अशा मोजक्या हावभावांत या थापेची गणना करावी लागेल. तिचें मराठी नांव शड्डू. उघड्या तळहातानें दंडावर किंवा मांडीवर आवाज होईल असा आघात करणें, हा त्याचा अर्थ. संस्कृतांत दंडावरील अशा थापेला आस्फोटन म्हणतात आणि महाकाव्यांत ती ठिकठिकाणीं ऐकूं येते.

महाभारताच्या विराटपर्वांत जीमूत नांवाच्या मल्लाची कथा आहे. विराटनगरींत ब्रह्मदेवाच्या उत्सवासाठीं देशोदेशींचे मल्ल जमले असतां या जीमूतानें सर्वांना आव्हान दिलें आणि त्याच्यापुढें उभें राहण्यास कोणीही धजेना. अखेर राजानें स्वयंपाकघरांतील बल्लवास, म्हणजे अज्ञातवासांतील भीमास, त्याच्याशीं झुंजावयास सांगितलें. आव्हान दिलें म्हणजे झुंजावें लागतें, हा येथील नियम जीमूताच्या जिवावर बेतला. शल्यपर्वांतील गदायुद्धांत थापेचें दुसरें रूप दिसतें. भीमाचा निभाव लागत नाहीं असें कृष्णानें सांगतांच अर्जुनानें भीमाच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या डाव्या मांडीवर थाप मारली. ती थाप खूण होती. दुर्योधनानें भर सभेंत द्रौपदीला मांडी दाखविली होती आणि ती मांडी फोडण्याची भीमानें प्रतिज्ञा केली होती. त्या प्रतिज्ञेची आठवण एका आघातानें करून दिली गेली. शब्द एकही उच्चारला गेला नाहीं. जाणणाऱ्यानें जाणलें. आजच्या मुलांच्या अनेक खुणा याच जातीच्या असतात, ही गोष्ट पुढें कामास येईल.

तिसरा प्रसंग रामायणांतील सुंदरकांडाचा, आणि तो या सर्वांत मौजेचा आहे. सीतेच्या शोधांत लंकेंत शिरलेल्या हनुमंताला रावणाच्या अंतःपुरांत एक अत्यंत सुंदर स्त्री निजलेली दिसली. हीच सीता, असें वाटून त्याला अनावर आनंद झाला. त्यानें दंड थोपटले, शेपटीचें चुंबन घेतलें, तो खांबांवर चढला आणि खालीं उतरला. नंतर त्याच्या ध्यानांत आलें कीं ही सीता असणें शक्य नाहीं. ती मंदोदरी होती. म्हणजे विजयानंतर आनंदानें थाप मारण्याची चाल कांहीं आजची नव्हे, आणि तिच्या एका अतिप्राचीन नमुन्यांतच ती थाप चुकीच्या जागीं पडली आहे. पस्तीस गुणांवर शड्डू ठोकणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वीं हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

पुराणांतून आखाड्यांत आल्यावर मात्र या थापेला शिस्त लागलेली दिसते. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' या ग्रंथांत मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें; (त्याची राजधानी कल्याणी, आपलें खाडीकांठचें कल्याण नव्हे). कुस्ती ही तेव्हांच राजमान्य विद्या झाली होती, हें त्यावरून दिसतें. पुढें महाराष्ट्रांत तालमी आल्या आणि त्यांच्या मागोमाग जत्रेंतील मैदानें आलीं. या मैदानांत शड्डूला नेमकें काम होतें. हलगी वाजत असे. पैलवान लंगोट कसून, मातीला हात लावून तो कपाळीं नेई आणि मैदानाला फेरी घेई. फेरी घेतां घेतां तो दंडावर आणि मांडीवर शड्डू ठोकी. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असे: 'जोड हवी आहे, ज्याची छाती असेल त्यानें यावें.' गर्दींतून एखादा उठे, पुढें येऊन हात देई, पंच इनाम ठरवीत आणि कुस्ती लागे. अगदीं लहान मुलांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांतही हाच क्रम असे. सात वर्षांच्या पोरानें शड्डू ठोकला आणि दुसऱ्या आळींतला आठ वर्षांचा पोर पुढें झाला, तर पहिल्याला रेवड्यांवर पाणी सोडून आईकडे पळतां येत नसे. पळालाच, तर त्याचें नांव गांव पुष्कळ दिवस विसरत नसे.

या थापेचा आवाज मोठा असणें आवश्यक होतें. ध्वनिक्षेपक नव्हता, लोक सर्व बाजूंनीं दाटलेले असत, आणि मागच्या रांगेंतील मनुष्याला पैलवानाचा चेहराही दिसत नसे. तळहात किंचित् खोलगट करून मारलेली थाप टाळीपेक्षां जड आणि घुमणारी होते. हात वर गेलेला दिसला आणि क्षणभरानें आवाज आला, म्हणजे लांबच्यालाही कळे कीं आव्हान झालें. डोळा आणि कान दोघांनाही एकाच वेळीं पुरणारे हावभाव थोडे आहेत. छत्रपति शाहूमहाराजांनीं १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत रोमचें कोलोझियम पाहिलें आणि पुढें कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें. १९१२ सालीं तयार झालेल्या या मैदानाची रचनाच अशी आहे कीं मध्यावरचा हौद खालीं आणि प्रेक्षक सभोंवार चढत्या उतारावर. तेथें ठोकलेला शड्डू कोणाच्या नजरेंतून सुटावयाचा नाहीं.

येथपर्यंत थाप आधीं आणि झुंज नंतर असा क्रम होता. थाप हा करार होता, आणि तो करणाऱ्याच्या अंगावर येई.

हा करार प्रथम कोणी सैल केला? मोबाईलनें नव्हे, मराठी भाषेनें. 'दंड थोपटणें' आणि 'शड्डू ठोकणें' हे वाक्प्रचार आखाड्याच्या कुंपणावरून उडी मारून केव्हांच बाहेर आले होते. निवडणुका जवळ आल्या कीं मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कोणी ना कोणी कोणाविरुद्ध शड्डू ठोकतोच. तो बहुधा पोट सुटलेला, खुर्चींत बसलेला गृहस्थ असतो. त्यानें जन्मांत एक जोर काढलेला नसेल. पुष्कळदां तो अर्ज भरतो आणि माघारीच्या शेवटच्या दिवशीं तो परतही घेतो. वर्तमानपत्र मात्र दुसऱ्या दिवशीं 'शड्डू परत घेतला' असें छापीत नाहीं. मुलांच्या थापेला पोकळ म्हणणाऱ्या सुशिक्षित घरांत हें वर्तमानपत्र रोज सकाळीं येतें. मराठींत 'थाप' या शब्दाचा दुसरा अर्थ खोटें बोलणें हा आहे. तो कोणत्या वाटेनें आला हें भाषाशास्त्रज्ञ सांगोत. पण ज्या थापेमागें झुंज नाहीं, तिला तो चपखल बसतो.

थापेचें दुसरें घर कबड्डींत झालें. महाराष्ट्रांत हुतूतू, बंगालकडे हाडुडु, तामीळ मुलुखांत चेडुगुडु अशा अनेक नांवांनीं चालणाऱ्या या खेळाला लिखित नियमांत बसविण्याचें बरेंच श्रेय मराठी आणि बडोद्याच्या मंडळींकडे जातें. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें त्याचे नियम प्रसिद्ध केले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें तो युरोपांतील प्रेक्षकांना दाखविला. मुंबईच्या गिरणगांवांत, कोंकणांत आणि ठाणें-रायगडच्या आगरी-कोळी गांवांत तो घरोघरींचा खेळ झाला.

कबड्डींतील थाप कुस्तींतल्यासारखीच आव्हानाची आहे. परंतु तिला दोन तोंडें आहेत. चढाई करणारा गडी मध्यरेषेशीं उभा राहून मांडी थोपटतो, तेव्हां तो समोरच्या सातांना डिवचतो. तोच गडी गुण घेऊन परत आला कीं पुन्हां थोपटतो, तेव्हां तो प्रेक्षकांना सांगतो. कुस्तींत थापेचा रोख एका मनुष्याकडे असे. येथें तो प्रेक्षकांकडे वळला. वळण लहान दिसतें, परंतु पुढील सर्व इतिहास त्यांतूनच निघाला आहे.

२६ जुलै २०१४ रोजीं आनंद महिंद्र आणि समालोचक चारु शर्मा यांच्या पुढाकारानें उभारलेली प्रो कबड्डी लीग मुंबईंत वरळीला सुरू झाली. अंतिम सामनाही ३१ ऑगस्टला मुंबईंतच झाला; त्यांत जयपूरच्या संघानें मुंबईच्या संघाला ३५-२४ असें हरविलें. त्या पहिल्या हंगामाचा प्रेक्षकवर्ग सुमारें ४३ कोटींचा असल्याचें तेव्हां प्रसिद्ध झालें. माती गेली, चटई आली, दिवे आले; पण थाप राहिली. किंबहुना ती वाढली. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते आणि चढायांच्या मधल्या वेळांत दूरचित्रवाणीला दाखविण्यास कांहींतरी हवें असतें. उचललेला हात, थरथरलेली मांडी, गड्याचा वासलेला जबडा हें सर्व कॅमेऱ्यानें जवळून, संथ गतीनें, पुन्हां पुन्हां दाखविलें. खासबागेच्या उतारावरील मनुष्याला जें दिसत नव्हतें, तें दिवाणखान्यांतील मुलाला दिसूं लागलें.

परंतु ही थाप पोराबाळांच्या अंगीं खिळविली ती एका क्रिकेटपटूनें. दिल्लीचा डावखुरा फलंदाज शिखर धवन यानें मार्च २०१३ मध्यें मोहाली येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटींत १८७ धावा केल्या आणि एका डावांत तो घरोघरीं माहीत झाला. पिळलेल्या मिशांचा हा गडी झेल घेतला कीं पाय उचलून मांडीवर थाप मारी. आपल्याला कबड्डी पाहण्याची आवड आहे आणि ही थाप तेथूनच घेतली, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे. क्रिकेटच्या मैदानावर तिचा आवाज प्रेक्षकांना ऐकूं येण्याची शक्यता नव्हती. पाटलोणीवरून मारलेल्या थापेचा आवाज तो काय होणार? उरली फक्त आकृति. तथापि ती आकृति इतकी मोठी आणि इतकी स्पष्ट होती कीं शेवटच्या सज्जांतूनही ओळखूं यावी. धवन सीमारेषेजवळ उभा राहिला कीं प्रेक्षक मांड्या थोपटून त्याच्याकडे थापेची मागणी करीत, आणि तोही पुष्कळदां ती पुरी करी.

क्रम आतां पूर्ण उलटला. आखाड्यांत थापेनंतर झुंज होती. कबड्डींत झुंजीच्या दोन्ही बाजूंस थाप होती. धवनची थाप झेल हातांत स्थिरावल्यावरच पडे. तो कोणालाही आव्हान देत नव्हता, झालेल्या गोष्टीवर शिक्का मारीत होता. शिक्का मारण्याला धोका नसतो, आणि ज्यांत धोका नाहीं अशी गोष्ट हजारो माणसांना एकाच दिवशीं करतां येते. आव्हान मात्र प्रत्येकाला स्वतःच्या जिवावर द्यावें लागतें. पोरांनीं कुस्तीपटूचा शड्डू न उचलतां क्रिकेटपटूचा उचलला, याचें कारण येथें शोधलें पाहिजे.

रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत 'मीम' असा एक शब्द घडविला. गाण्याची चाल, कपड्याची तऱ्हा, मडकें घडविण्याची रीत अशा गोष्टी एका मनांतून दुसऱ्या मनांत नकलेनें उतरतात, आणि ज्यांची नक्कल सोपी त्या टिकतात, असा त्याचा आशय होता. मोबाईलवर तो शब्द थट्टेच्या चित्रांना आणि चित्रफितींना चिकटला. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यांत इन्स्टाग्रामनें तशाच छोट्या चित्रफितींची सोय येथें सुरू केली, आणि पोरांनीं एका खिडकींतून आंवरलेलें सामान दुसऱ्या खिडकींत मांडलें. शड्डू या मापांत नेमका बसतो. एका मनुष्याला तो करतां येतो, त्याला सामान लागत नाहीं, दोन सेकंदांत तो संपतो आणि उभ्या चौकटींत मावतो. पण इतकें पुरेसें नाहीं. जांभईलाही हे सर्व गुण आहेत. खरी गंमत विसंगतींत आहे. ज्या थापेनें भीम-जीमूतांची आठवण व्हावी, ती चौथ्या जागेवर बसलेल्या मुलानें मारावयाची. पराक्रम जितका क्षुल्लक, तितकी थाप मोठी. पाहणाऱ्याला थापेचें वजन ठाऊक असलें तरच तो हंसतो. म्हणून ही थट्टा शड्डूचा अपमान करते असें म्हणतां येत नाहीं. ती शड्डूच्या पूर्वपुण्याईवरच जगते.

वेग किती वाढला याचें गमक 'पुष्पा' या तेलुगू चित्रपटांत सांपडतें. १७ डिसेंबर २०२१ रोजीं तो प्रदर्शित झाला. त्याचा नायक अल्लू अर्जुन हाताचा मागचा भाग दाढीखालून फिरवून 'आपण नमणार नाहीं' असें बजावतो. हिंदी रूपांत त्याला आवाज दिला तो श्रेयस तळपदे या मराठी नटानें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं लखनौच्या सामन्यांत श्रीलंकेचा गडी बाद केल्यावर रवींद्र जडेजानें तोच हात दाढीखालून फिरविला. दोहोंमध्यें सत्तर दिवसही गेले नव्हते. त्याच वर्षींच्या गणेशोत्सवांत महाराष्ट्रांत पुष्पाच्या थाटांतील गणेशमूर्तीही दिसल्या, आणि त्यांवर वादही झाले. शड्डूला आखाड्यापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत येण्यास शतकें लागलीं होतीं. दाढीवरील हात मात्र एका ऋतूंत सर्वत्र पोंचला आणि दुसऱ्या ऋतूंत शिळा झाला. जुन्या मुळाचा हावभाव पुन्हां पुन्हां फुटतो. एकाच चित्रपटावर उगवलेल्याचें तसें नसतें.

हावभाव पसरविण्यास डोळ्यांचें यंत्र लागतेंच असेंही नाहीं, याचें उदाहरण रेडिओच्या श्रोत्यांना विशेष जवळचें वाटेल. १४ जानेवारी १९४१ रोजीं बी.बी.सी.च्या बेल्जियन विभागाचा व्हिक्टर द लाव्हलेय यानें जर्मनांच्या टाचेखालील आपल्या देशबांधवांना 'व्ही' या अक्षराची खूण वापरण्याचें आवाहन केलें; फ्रेंच भाषेंत विजयाचा आणि फ्लेमिश भाषेंत स्वातंत्र्याचा शब्द याच अक्षरानें सुरू होतो. भिंतींवर खडूनें अक्षर उमटूं लागलें. मोर्सच्या लिपींत त्याचे तीन ठिपके आणि एक रेघ, म्हणून बीथोवेनच्या पांचव्या सिंफनीचे पहिले चार ठोके रेडिओवर वाजूं लागले. दोन बोटांची खूण चर्चिलनें जगाला दाखविली. आवाजाच्या यंत्रानें हाताची खूण पसरली, ती अशी. पुढें पंचवीस वर्षांनीं अमेरिकेंतील युद्धविरोधी तरुणांनीं तींच दोन बोटें शांततेसाठीं वर केलीं, आणि आज भारतांतील कोणत्याही सहलीच्या छायाचित्रांत तीं कशासाठीं वर असतात हें कोणी विचारीत नाहीं. अर्थ गळत गेला तसा प्रसार वाढत गेला.

याचें टोक २०२५ सालीं गांठलें गेलें. फिलाडेल्फियाच्या स्क्रिला नांवाच्या रॅप गायकाच्या एका गाण्यांतील 'सहा-सात' हे आंकडे, सहा फूट सात इंच उंचीच्या लामेलो बॉल या बास्केटबॉलपटूच्या चित्रफितींवरून, अमेरिकेंतील शाळकरी मुलांच्या तोंडीं बसले. तळहात वर करून, तराजूच्या पारड्यांप्रमाणें आळीपाळीनें खालींवर करावयाचे आणि 'सहा-सात' म्हणावयाचें. अर्थ? कांहीं नाहीं. शिक्षकांनीं 'पान सदुसष्ट उघडा' म्हटलें कीं वर्ग हातवारे करूं लागे. ऑक्टोबर २०२५ मध्यें डिक्शनरी डॉट कॉम या कोशानें त्यालाच वर्षाचा शब्द ठरविलें. ज्याची व्याख्या करतां येत नाहीं असा शब्द कोशानें गौरवावा, हा विनोद मुलांच्या विनोदापेक्षां मोठा म्हणावा लागेल. या हावभावाचा उपयोग एवढाच कीं करणाऱ्याला आणि ओळखणाऱ्याला 'आपण एका टोळीचे' असें वाटतें, आणि वडील माणसें बाहेर राहतात. अर्जुनाच्या थापेचेंही एक अंग असेंच होतें. पण त्या खुणेच्या पोटांत तेरा वर्षांचा राग होता.

शड्डूचें दैव या रिकाम्या हातवाऱ्यासारखें झालें नाहीं. थाप क्रिकेटकडे गेली तरी तिचें माहेर शाबूत होतें, आणि मुलांनीं विचारलें कीं हें कोठून आलें, तर दाखविण्यास कबड्डीचा आंखलेला चौक होता. मधल्या काळांत त्या चौकांत आणखी एक बदल घडला. महाकाव्यांतील आणि आखाड्यांतील थाप पुरुषाची होती. स्त्रीनें मांडी थोपटणें हें मर्यादेच्या बाहेरचें समजलें जाई. २०१२ सालीं पाटण्याला स्त्रियांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानें जिंकला, तेव्हां त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्यें 'दंगल' चित्रपटानें मातींत कुस्ती खेळणाऱ्या मुली घरोघरीं नेल्या. आतां शाळांच्या सामन्यांत मुली चढाईपूर्वीं मांडी थोपटतात आणि कट्ट्यावर बसलेल्या आज्या त्याकडे पाहून तोंडाला पदर लावतात खऱ्या, पण उठून जात नाहींत. थाप सर्वांची झाली नसती तर हें इतक्या सहज झालें असतें असें वाटत नाहीं. आणि ती सर्वांची झाली ती मुलांनीं तिची थट्टा केली म्हणून. पावित्र्य राखून ठेवलेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं जात नाहीं.

धवन २४ ऑगस्ट २०२४ रोजीं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. फलाटावर थाप मारणाऱ्या सर्वांत लहान मुलांना त्याचे झेल आठवत नाहींत. त्यांनीं ती थाप थोरल्या भावाकडून घेतलेली असते, आणि थोरल्या भावानें कोणाकडून घेतली हें विचारण्याची त्यांना गरज वाटत नाहीं.

थंडीच्या दिवसांत खाडीकांठच्या गांवांतून कबड्डीचे सामने रात्रीं उशिरापर्यंत चालतात. दोरीच्या बाहेर मुलें मोबाईल उंच धरून बसलेलीं असतात. त्यांना चढाईपेक्षां थाप हवी असते आणि गडीही तें ओळखून असतो. तो दिव्याच्या बाजूस तोंड करून हात उचलतो. थाप वाजते, चित्रफीत पुरी होते, मोबाईल खालीं येतात. गड्याचें काम मात्र तेथून पुढें सुरू होतें. त्याला दम धरून मध्यरेषेपलीकडे जावें लागतें. कोणाला स्पर्श न करतां आणि निदान रेषा न ओलांडतां तो परत फिरला, तर पंच शिटी वाजवून त्याला बाद ठरवितात.